कण्याचे वंगण
साठी ओलांडलेल्या भगिनींची पाठदुखी आणि सुगंधी तेलांचा विवेकी उपयोग

कृष्णा आणि पंचगंगा या दोन नद्यांच्या कुशीत वसलेल्या आमच्या शिरोळ तालुक्याची जमीन काळी, कसदार आणि पाण्याला जवळची. तिने पिकवलेल्या उसाचा हिशेब साखर कारखान्याच्या दप्तरी टनावारी नोंदलेला असतो आणि भाजीपाल्याचा हिशेब जयसिंगपूरच्या बाजारात रोजच्या रोज चुकता होतो; परंतु या पिकांपायी ज्या बायकांनी तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षे कमरेत वाकून कांड्या लावल्या, भांगलण केली, वैरणीचे भारे डोक्यावरून वाहिले आणि घरी परतल्यावर पुन्हा म्हशीखालचे शेण काढले, त्यांच्या पाठीचा जमाखर्च कोणत्याही दप्तरात सापडत नाही. तो सापडतो दिवेलागणीला, उंबऱ्याशी, जेव्हा साठी ओलांडलेली आजी जमिनीवरून उठताना एक हात गुडघ्यावर आणि दुसरा भिंतीवर टेकते आणि क्षणभर तशीच अर्धी वाकलेली राहते.

गाडीच्या दोन चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याला मराठीत कणा म्हणतात आणि माणसाच्या पाठीतील मणक्यांच्या उतरंडीलाही कणाच म्हणतात. हे नाव ज्या कोणा अज्ञात पूर्वजाने दोहोंना दिले, त्याला दोहोंची निगा सारखीच राखावी लागते हे ठाऊक असले पाहिजे. ऊस भरलेली गाडी कारखान्याच्या वाटेला लागण्यापूर्वी कण्याला वंगण घालण्याचे भान गाडीवानाला असते, कारण कोरडा कणा अर्ध्या वाटेत कुरकुरू लागतो. घरातील बाईच्या कण्याला मात्र वहिवाटीप्रमाणे वंगण मिळे ते दोनच प्रसंगी : ती तान्ही असताना आणि ती बाळंतीण असताना. एरवी तेलाची वाटी तिच्याच हाती. नातवंडांना न्हाऊमाखू घालणारी, सुनेच्या बाळंतपणात शेक-शेगडी करणारी, मालकांचे पाय चेपणारी ही बाई स्वतः आडवी होऊन कोणाला म्हणत नाही, की ‘जरा माझ्या पाठीला तेल लाव गं.’ प्रस्तुत लेखाचा हेतू इतकाच, की तिने तसे म्हणावे. आणि म्हटल्यावर तेल कोणते, किती, कसे लावावे आणि केव्हा मुळीच लावू नये, याची माहिती तिला व तिच्या घरच्यांना असावी.

सुगंधाकडून काय अपेक्षावे

वनस्पतींच्या सुगंधी अर्कांनी उपचार करण्याच्या पद्धतीला ‘अरोमाथेरपी’ हे नाव रेने-मॉरिस गातफोसे या फ्रेंच रसायनज्ञाने रूढ केले आणि त्याच नावाचा त्याचा ग्रंथ १९३७ साली प्रसिद्ध झाला. नाव नवे असले तरी व्यवहार आपल्याला परका नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत ‘गंधयुक्ति’ या नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावे असलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात अभ्यंगाचा आणि सुगंधी द्रव्यांचा सविस्तर विचार आहे. आणि ग्रंथांची वार्ताही नसलेल्या आमच्या आज्यांनी बाळंतिणीच्या खोलीत ओव्या-शेपांची धुरी पिढ्यान्‌पिढ्या फिरवली आहे.

तथापि परंपरा जुनी असणे हा गुणाचा दाखला नव्हे, म्हणून आजच्या वैद्यकाची साक्षही घ्यावी. थायलंडमध्ये साठी उलटलेल्या, जुनाट कंबरदुखीच्या १४० व्यक्तींवर झालेली एक पद्धतशीर चाचणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. त्यांतील काहींना आल्याच्या सुगंधी तेलाने हलके मर्दन आणि काहींना तेलाविना पारंपरिक थाई मर्दन, असे आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी अर्धा तास, पाच आठवडे देण्यात आले. दोन्ही गटांचे दुखणे उतरले. आल्याच्या तेलाच्या गटाचे अधिक उतरले. परंतु दोन्ही गटांतील मर्दनाची पद्धतच निराळी असल्याने या यशातील किती वाटा आल्याचा, किती तेलाच्या स्निग्धतेचा आणि किती हाताचा, हे या चाचणीवरून सांगता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीविषयी जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यात व्यायाम, रुग्णाला दुखण्याची नीट समज देणे आणि मर्दन यांना स्थान आहे. उलट सर्रास विकल्या जाणाऱ्या कमरपट्ट्यांची आणि कमरेला ताण देणाऱ्या यंत्रांची नित्याच्या उपचारासाठी शिफारस केलेली नाही.

तात्पर्य असे, की सुगंधी तेलाने झिजलेला मणका भरून येत नाही आणि लोक ज्याला ‘मणक्यात गॅप’ म्हणतात ती बुजतही नाही. आवळून धरलेले स्नायू सैल होणे, मन निवणे आणि रात्रीची झोप बरी लागणे, एवढे मात्र त्यापासून मिळू शकते. आणि जिची झोप दुखण्याने वर्षानुवर्षे तुटलेली आहे, तिला ही प्राप्ती किरकोळ वाटत नाही.

तेलाच्या आधी चौकशी

पाठ दुखते म्हणून लगेच वाटी घेऊन बसू नये. प्रथम दुखण्याची कैफियत ऐकावी. पाळी गेल्यानंतर बाईची हाडे झपाट्याने ठिसूळ होतात आणि अशा हाडांत, नुसती कळशी उचलण्याने किंवा घसरून बसकण मारण्यानेही, मणका दबून मोडू शकतो. म्हणून अकस्मात उठलेली तीव्र कळ, कमी होत गेलेली उंची, नव्याने आलेला बाक, किंवा दम्यासाठी वा सांधेदुखीसाठी दीर्घकाळ घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांनी तपासल्यावाचून पाठीला कोणाचाही हात लावू देऊ नये. संध्याकाळी येणारा ताप आणि घटणारे वजन मणक्याच्या क्षयाची सूचना देऊ शकतात. पूर्वी कर्करोग होऊन गेलेला असेल तर नव्याने सुरू झालेली पाठदुखी अंगावर काढू नये. आणि पायातली शक्ती जाणे, बैठकीचा भाग बधिर होणे, लघवी अडणे किंवा तिच्यावरचा ताबा सुटणे, ही तर त्याच दिवशी रुग्णालय गाठण्याची लक्षणे होत. १८९४ साली डॉ. वॉन्लेस यांनी मिशन रुग्णालय उभारले तेव्हापासून वैद्यकीय सेवेसाठी नावाजलेले मिरज आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. तेथे जाण्याचा आळस करून तेलावर भिस्त ठेवणे शहाणपणाचे नव्हे.

याच ओघात दोन जुन्या रिवाजांविषयी ताकीद दिली पाहिजे. उसण भरली की पायाळू, म्हणजे जन्मताना पायांकडून आलेल्या, माणसाचा पाय पाठीला लावून घ्यावा, ही समजूत आमच्या भागात अजून टिकून आहे. तो पाय नुसता स्पर्शापुरता असेल तर हसून सोडून द्यावे; परंतु त्याचे जेथे लाथेत रूपांतर होते तेथे तो साठीच्या हाडांना घातक आहे. तसेच नातवाला पाठीवर उभे करून तुडवून घेण्याची सवय कितीही सुखाची वाटली, तरी ठिसूळ मणक्यांवर चार पायली धान्याचे ओझे नाचवण्यासारखीच ती आहे. ती आजपासून बंद करावी.

तेल आणि अर्क यांतील भेद

बाजारात ‘सुगंधी तेल’ या एकाच नावाखाली तीन निरनिराळ्या वस्तू मिळतात. पहिली म्हणजे महानारायण किंवा निर्गुंडी यांसारखी आयुर्वेदीय सिद्ध तेले. ती काढ्यांसह शिजवलेली असतात आणि वैद्याच्या सल्ल्याने तशीच लावता येतात. दुसरी म्हणजे वनस्पतीतून वाफेच्या साहाय्याने काढलेले तीव्र अर्क, ज्यांना दुकानात ‘इसेन्शियल ऑइल’ म्हणतात. हे नावाने तेल असले तरी कागदावर पडलेला त्यांचा थेंब बव्हंशी उडून जातो, आणि ते कधीही तसेच्या तसे त्वचेला लावायचे नसतात. तिसरी वस्तू म्हणजे केवळ कृत्रिम वास. ही बाटली देवघरात किंवा दिवाणखान्यात शोभेल, पाठीवर नव्हे. अर्क विकत घेताना बाटली गडद काचेची आहे ना, तिच्यावर वनस्पतीचे शास्त्रीय नाव, उत्पादकाचा पत्ता, घाणीचा (बॅचचा) क्रमांक आणि मुदत छापलेली आहे ना, हे पाहावे. कागदावर थेंब टाकून दिवसभराने तेलकट डाग तसाच राहिला, तर आत स्वस्त तेलाची भेसळ असल्याचा संशय घ्यावा.

अर्क मिसळण्यासाठी घाण्याचे तिळाचे तेल उत्तम. आमच्याकडे घरोघरी असलेले शेंगतेल किंवा करडईचे तेलही चालते. प्रमाण लक्षात ठेवण्यास सोपे आहे : चहाचा एक चमचा, म्हणजे सुमारे ५ मिलिलिटर तेल, आणि त्यात अर्काचा एक थेंब. एका बैठकीला तीन चमचे तेल पुरते, म्हणजे थेंब तीनच. याहून अधिक घालण्याचा मोह होईल, कारण वयाबरोबर घ्राणशक्ती मंदावते आणि ‘वासच येत नाही मेल्याला’ अशी तक्रार हमखास होते. पण नाक मंद झाले तरी कातडी पातळ आणि हळवी झालेली असते, म्हणून थेंब नाकाच्या हुकमाने टाकू नयेत, मोजून टाकावेत. पहिल्या वापरापूर्वी हे मिश्रण कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहावी. लाली, खाज किंवा पुरळ उठल्यास तो अर्क आपला नव्हे असे समजावे.

निवडीचा प्रश्न सोपा आहे. सुरुवात आल्याच्या किंवा लॅव्हेंडरच्या अर्काने करावी. पहिला ऊबदार वासाचा, दुसरा निद्रेस अनुकूल. लॅव्हेंडर आता जम्मू-काश्मीरच्या भदरवाह भागात पिकते, तेव्हा ते परदेशीच घेतले पाहिजे असे नाही. गवती चहाचा अर्क परिचित वासाचा असला तरी त्वचेला झोंबतो, म्हणून तीन चमच्यांत एकच थेंब. पुदिन्याच्या अर्कातील मेंथॉल त्वचेतील थंडी जाणणाऱ्या मज्जातंतूंना जागे करते आणि त्या गारव्यामागे दुखणे काही वेळ झाकले जाते. झाकले म्हणजे गेले नव्हे, हे विसरून लगेच वैरणीचा भारा उचलू नये. आणि जिला बाटलीच घ्यायची नाही तिने एक वाटी तिळाच्या तेलात एक चमचा ओवा व अर्धा चमचा सुंठ घालून अगदी मंद आचेवर, ओवा करपू न देता, तापवून गाळून घ्यावे. याला अर्काची तीव्रता नसते, पण माहेरच्या बाळंतखोलीचा वास असतो, आणि वासाला स्मृतीचे दार फार लवकर उघडता येते.

हाताची रीत

वेळ रात्रीच्या जेवणानंतर तासाभराची, झोपेपूर्वीची असावी. दिवसा तेल लावले की ती पुसून पुन्हा कामाला लागते, हा अनुभव सर्वांचा आहे. जागा वाऱ्यापासून आडोशाची, आणि अंथरूण शक्यतो खाटेवरचे, म्हणजे उठताना जमिनीशी झुंज द्यावी लागत नाही. पालथे पडणे बहुतेक वयस्क बायकांना जड जाते. त्यांनी कुशीवर निजून दोन गुडघ्यांमध्ये उशी घ्यावी, किंवा खुर्चीवर बसून समोरच्या मेजावर उशी ठेवून तिच्यावर डोके टेकावे. तेलाची वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून कोमट करावी; अर्काचे थेंब तेल कोमट झाल्यावरच घालावेत, नाहीतर तापलेल्या तेलातून सुगंध आधीच उडून जातो.

तेल लावणारीने प्रथम दोन्ही तळहात एकमेकांवर चोळून ऊब आणावी आणि ते काही क्षण नुसते कमरेवर ठेवावेत. मग कमरेपासून खांद्यांकडे, मणक्यांच्या ओळीच्या दोन्ही बाजूंनी, तळहाताने लांब आणि संथ हात फिरवावा. खुद्द मणक्यांवर दाब देऊ नये, अंगठा रुतवू नये, आणि ‘हाड बसवण्याचा’ प्रयत्न कदापि करू नये. कमरेच्या दोन्ही अंगांना आणि बैठकीच्या वरच्या भागाला, जेथे स्नायूंच्या गाठी हाताला लागतात, तेथे बोटांऐवजी तळव्याच्या टाचेने हलकी वर्तुळे काढावीत. दाबाचे माप विचारीत राहावे. आमच्या बायका ‘लागतंय’ असे म्हणण्यास फार लाजतात, म्हणून तिच्या श्वासाकडे लक्ष द्यावे. श्वास अडला की दाब जास्त झाला.

मर्दनानंतर शेक हवा असल्यास तव्यावर तापवलेल्या जाड्या मिठाची पुरचुंडी करावी, ती आधी शेकणारीने स्वतःच्या मनगटावर लावून पाहावी, आणि कापडाचा एक पदर मध्ये ठेवून दहा-पंधरा मिनिटे शेकावे. मधुमेहाने त्वचेची संवेदना कमी झालेली असेल तर ‘अजून गरम कर’ या तिच्या आग्रहाला बळी पडू नये. चटका तिला समजत नाही, फोड दुसऱ्या दिवशी दिसतो. आणखी एक गोष्ट, जी लहान वाटते पण ज्यात सर्वांत मोठा धोका आहे : तळपायांना तेल लावून तिला उठू देऊ नये. रात्री न्हाणीघराच्या गुळगुळीत फरशीवर घसरून खुब्याचे हाड मोडले, तर पाठीचे दुखणे बरे म्हणण्याची पाळी येते. तेल लावलेले पाय पुसावेत आणि पायमोजे न घालता रबरी चप्पल द्यावी.

कोणासाठी काय वर्ज्य

पुष्कळशा वेदनाहारक बामांत आणि तेलांत जो तिखट-गोड वास येतो तो गंधपुऱ्याचा, म्हणजे विंटरग्रीनचा. त्यातील मिथाइल सॅलिसिलेट हे ॲस्पिरिनच्याच कुळातील आहे. शुद्ध गंधपुरा तेलाच्या एका चहाच्या चमच्यात वीसहून अधिक ॲस्पिरिनच्या गोळ्यांइतके द्रव्य असते. म्हणून ज्यांना हृदयविकारासाठी रक्त पातळ ठेवण्याची औषधे चालू आहेत त्यांनी असे बाम व तेले डॉक्टरांना विचारल्याखेरीज अंगभर चोळू नयेत, आणि बाम लावलेल्या जागेवर गरम पिशवी तर कोणीच ठेवू नये. उष्णतेने औषध आत अधिक शोषले जाते आणि कातडीही भाजते. कापूर आणि निलगिरी यांचे तीव्र अर्क फेफरे येणाऱ्यांनी टाळावेत; आपल्याच दक्षिण भारतातील मज्जाविकारतज्ज्ञांनी या दोहोंच्या संपर्कानंतर झटके आलेले रुग्ण नोंदवले आहेत. दमा असलेल्या, किंवा चुलीच्या धुराने छाती अधू झालेल्या बाईच्या खोलीत धुरी आणि यंत्राने उडवलेला सुगंध नको. तिच्यासाठी पाठीवरचे तेलच सौम्य असावे.

अर्क पोटात घेण्यासाठी नाहीत. साखरेवर थेंब टाकून घेण्याचा सल्ला कोणी दिला तरी मानू नये. बाटली खोकल्याच्या औषधाशेजारी ठेवू नये, आणि नातवंडांचा हात पोचणार नाही अशा उंच फळीवर, झाकण घट्ट लावून ठेवावी. कापराचा किंवा गंधपुऱ्याचा एक घोटसुद्धा लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतो.

दुखण्याचे आणे आणि गाडीवरचा बोजा

उपचाराने गुण येतो की नाही हे मनाच्या लहरीवर सोपवू नये. पूर्वीच्या बायका दुखणे रुपयात मोजत : ‘सोळा आणे दुखत होतं, आता दहा आण्यावर आलंय.’ हे माप आजच्या डॉक्टरांच्या शून्य ते दहाच्या मापापेक्षा काही कमी शास्त्रीय नाही. आठवड्यातून दोनदा मर्दन करावे, दर रविवारी नातीने दिनदर्शिकेच्या चौकटीत आणे लिहावेत, आणि पाच आठवड्यांनी हिशेब पाहावा. आणे उतरले असतील तर चालू ठेवावे. न उतरले तर अर्कावरचा खर्च थांबवून डॉक्टरांकडे आणि व्यायाम शिकवणाऱ्या तज्ज्ञाकडे जावे.

मात्र कण्याला वंगण घालून गाडीवर दुप्पट ऊस लादणारा गाडीवान शहाणा नव्हे. रोज सकाळी गल्लीतून, पुढे नदीच्या वाटेने, झेपेल तेवढे चालणे. खुर्चीवरून हात न टेकता चार-पाच वेळा उठणे-बसणे. पाणी एका कळशीऐवजी दोन लहान भांड्यांत आणणे. स्वयंपाक जमिनीवरून ओट्यावर नेणे. भांगलण करावीच लागली तर लांब दांड्याचे अवजार घेणे आणि अर्ध्या-पाऊण तासाने पाठ ताठ करणे : या गोष्टींवाचून उत्तमातील उत्तम अर्कही रात्रीपुरता राहतो. आमच्या तालुक्याने २००५, २०१९ आणि २०२१ साली महापूर पाहिले आहेत. तेव्हा पुराची सूचना येताच जी पिशवी भरायची, तिच्यात नित्याच्या गोळ्यांबरोबर एक लहानशी तेलाची बाटली आणि एक जाड सतरंजी आजीच्या नावाने ठेवावी, कारण छावणीतील फरशीवर सर्वांत आधी तिचीच पाठ धरते.

शेवटचा प्रश्न हाताचा. सून शेतावरून थकून आलेली, लेक सासरी, नात अभ्यासात. मग तेल लावावे कोणी? शेजारच्या दोन वयस्क बायकांनी, जावाजावांनी किंवा बचत गटातील दोघींनी परस्परांत ठराव करावा : मंगळवारी मी तुझ्या पाठीला, शुक्रवारी तू माझ्या. वार दोन, पण प्रत्येकीच्या वाट्याला बैठक एकच, म्हणून आठवड्यातील दुसरी बैठक घरच्यांपैकी कोणी सांभाळावी. उपकाराची भीड असणारी बाई फुकटची सेवा घेत नाही, पण फेड करता येणारे देणे ती आनंदाने घेते.

आणि तेल लावणारीला एक अखेरची सूचना. अर्धा तास ठरवला असेल तर घड्याळ समोर ठेवावे. दहाव्या मिनिटाला, अंग जरा सैल पडते न पडते तोच, खालून आवाज येईल, ‘बास झालं गं, उठू दे मला, दूध तापवायचं ऱ्हायलंय.’ दूध दुसऱ्या कोणाला तरी तापवायला सांगावे, हात चालू ठेवावा, आणि उरलेली वीस मिनिटे पुरी होईपर्यंत तिला उठू देऊ नये.